स्टूर नदीकाठी ऑन द स्पॉट

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर बसून लँडस्केप शिकलेल्या माणसाला इंग्लंडात पहिला धक्का बसतो तो हा, की इथे कागद वाळतच नाही. तिकडे मे महिन्यात आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) मारून ब्रश धुवेपर्यंत कागद कोरडा, त्यामुळे हात झपाझप चालवायची सवय. इथे ढगाळ सकाळी तोच वॉश ओलाच्या ओला, त्यावर घाईने झाड टाकलं की झाड आकाशात पसरत जातं, मग एकतर दुसरा कागद काढायचा नाहीतर थर्मासमधला चहा पीत बसायचं. मी दोन्ही करते.

माझी आवडती जागा फ्लॅटफर्ड. पूर्व इंग्लंडातल्या कोलचेस्टरहून पुढचंच स्टेशन मॅनिंगट्री, तिथून स्टूर नदीकाठच्या कुरणातनं, गाईंच्या मधनं पाऊणेक तास चालत गेलं की जुनी पाणचक्की लागते. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या वडिलांची. त्याच्या 'द हे वेन' (१८२१) या चित्रातलं डावीकडचं घर अजून तिथेच उभं आहे. ते सहा फुटी चित्र त्याने लंडनच्या स्टुडिओत केलं, पण त्यामागे इथे बाहेर बसून केलेली छोटी छोटी ऑइल स्केचेस होती. आणि तेव्हा रंगाच्या ट्यूब नव्हत्या हं! डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत रंग बांधून न्यायचे. ट्यूबचं पेटंट जॉन रँडने घेतलं १८४१ ला, कॉन्स्टेबल गेला १८३७ मध्ये. आपण मात्र सॅक जड झाली म्हणून कुरकुरतो.

त्याची एक गोष्ट मी सरळ उचलली आहे. लंडनच्या हॅम्पस्टेडला त्याने १८२१-२२ मध्ये नुसत्या ढगांची ढीगभर स्केचेस केली आणि कितींच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय तेही लिहून ठेवलं. मीही लिहिते, कारण इथला उजेड दहा मिनिटं टिकत नाही. मेणवलीला काळा दगड, कडक ऊन, सावली निवांत पायऱ्या उतरत जाते, तिला गाठता येतं. इथे तुम्ही विलोच्या झाडाची सावली लावायला घेता आणि ढग येऊन ती पुसून टाकतो, परत ऊन पडतं तेव्हा निळी छटा गेलेली असते. म्हणून आधी पेन्सिलीने तळहाताएवढं टिपण करून उजेड कुठे, काळोख कुठे ते ठरवायचं आणि मग समोर सूर्याने काहीही केलं तरी ऐकायचं नाही.

लोक त्रास देत नाहीत. दहा फुटांवर थांबतात, 'लव्हली' म्हणतात, जातात. आपल्याकडे पोरं खांद्यावरून वाकून 'अहो, म्हैस राहिली की' असं सांगतात, आणि म्हैस खरंच राहिलेली असते, तर मला विचाराल तर ही टीका जास्त कामाची.

पण खरी परीक्षा हिरव्याची. जूनमध्ये कोथिंबिरीची जुडी पालथी केल्यासारखं जिकडेतिकडे हिरवंच. ट्यूबमधला तयार हिरवा लावला तर चित्र प्लास्टिकचं होतं, त्यामुळे अल्ट्रामरीन (निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) असं प्रत्येक झाडाला वेगळं मिसळत बसायचं: विलो राखाडी, अल्डर काळपट, गवत पिवळट. जुन्या काळी चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी हवा असा दंडक होता. चित्रसंग्राहक सर जॉर्ज बोमाँटनी तसं सुचवल्यावर कॉन्स्टेबलने म्हणे एक व्हायोलिनच हिरवळीवर ठेवून दाखवलं. मला तो किस्सा भारी आवडतो, पण त्या हिरवळीचा हिरवा नेमका कसा मिसळायचा ते कुठेच लिहून ठेवलेलं नाही!

कुणी येणार असाल तर फ्लॅटफर्ड आधी करा, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं 'हे वेन' नंतर बघा. बोर्डला चार मोठे क्लिप लावा, नदीवर वारा असतो. आणि गाईंना रंगाच्या पाण्याचा डबा फार आवडतो, तो जवळ ठेवा.