हार्डडिस्क लावली की नेट जातं

चिपळुणात लॅपटॉप रिपेअरिंगचं काम करतो. ‘मोबाईलचं नेट लॅपटॉपला नीट चालत नाही’ ही आमच्याकडची सगळ्यात बेभरवशाची तक्रार, कारण लॅपटॉप दुकानात आणला की नेट मस्त चालतं आणि घरी नेला की परत तेच. मग दुकानदार रेंजवर ढकलतो, कस्टमर केअरवाला लॅपटॉपवर ढकलतो, आणि गिऱ्हाईक मधल्यामध्ये फिरत राहतं.

हे गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे एक काका. बाजारातला त्यांचा स्टुडिओ २२ जुलै २०२१ च्या पुरात पूर्ण बुडाला, दोन कॉम्प्युटर आणि कितीतरी वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून सावर्ड्याला घराच्या माडीवर काम करतात आणि लॅपटॉपमध्ये एक फोटो ठेवत नाहीत, सगळं पोर्टेबल हार्डडिस्कवर. त्यांच्या वाडीत केबलची लाइन नाही म्हणून नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. कोल्हापूरच्या लॅबला अल्बमच्या शीट पाठवायच्या तर अपलोड अर्ध्यावर तुटायचं, परत पहिल्यापासून, शेवटी बिचारे पेनड्राइव्ह एसटी पार्सलने पाठवायचे.

माझ्याकडे यायच्या आधी दोन ठिकाणी विंडोज फॉर्मॅट मारून झालं होतं. दुसऱ्या वेळी तर त्यांच्या अल्बमच्या डिझाइनच्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइल, ज्या तेवढ्याच चुकून डेस्कटॉपवर होत्या, त्या पण गेल्या. न विचारता फॉर्मॅट मारणं हा आमच्या धंद्यातला रोग आहे, मला याचा खरंच संताप येतो. पाचशे-सातशे रुपये घ्यायचे, विंडोज टाकायचं, आणि दुकानात नेट चाललं की झालं म्हणून परत द्यायचं. अरे माणूस नेट वापरताना काय करतो ते तरी विचारा.

लॅपटॉप दुकानात ठेवून काही कळणार नाही म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. मोबाईल खिडकीच्या गजाला अडकवलेला, कस्टमर केअरवाल्यांनीच सांगितलेलं की खिडकीत ठेवा. लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर. मोबाईलवर व्हिडिओ न अडकता चालत होता, म्हणजे टॉवरकडून मोबाईलपर्यंत नेट येतंय.

मी अशा वेळी कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो उघडतो. एकीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं), म्हणजे बाहेरचं नेट, आणि दुसरीत गेटवेला पिंग, म्हणजे खुद्द मोबाईलला. आयपीकॉन्फिग ही कमांड टाकली की गेटवेचा पत्ता मिळतो. हे जो करत नाही त्याने नेटच्या तक्रारी घेऊच नयेत असं माझं मत आहे, कारण यातच कळतं की दोष टॉवरच्या बाजूला आहे की लॅपटॉप आणि मोबाईलच्या मधल्या वायफायमध्ये. दोन्ही पिंग छान येत होते, मोबाईलचा तर चार-पाच मिलिसेकंद. काकांना म्हटलं आता नेहमीसारखं अपलोड करा. त्यांनी हार्डडिस्क लावली, शीटचं फोल्डर टाकलं, आणि दोन्ही विंडोत एकदम रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. दहा पावलांवरच्या मोबाईलचासुद्धा पिंग येईना! म्हणजे टॉवरचा संबंधच संपला.

नेट-श कमांडने वायफायची माहिती काढली तर सिग्नलचे टक्के जागेवर, पण रिसीव्ह रेट, म्हणजे मोबाईलकडून लॅपटॉपला डेटा यायचा वेग, ७२ वरून ६.५ एमबीपीएसवर. सिग्नल तेवढाच आणि रेट पडला म्हणजे कुठून तरी रेडिओ कचरा, नको असलेल्या लहरी, येतोय. शेजारचं वायफाय म्हणावं तर त्या वाडीत दुसरं वायफायच नव्हतं.

तेवढ्यात काका वैतागून म्हणाले, “बघा, आता हा माउसपण अडकायला लागला, परवाच सेल बदललाय.” मी विचारलं, माउस कधी अडकतो? म्हणाले फोटो कॉपी करताना नेहमीच, पण त्याचं काय, माउस दुसरा घेईन. वायरलेस माउस पण २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यातच चालतो आणि त्यांचा हॉटस्पॉटही तिथेच, कारण लॅपटॉपचं वायफाय कार्ड जुनं, पाच गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. माउस आणि वायफाय दोन्ही एकाच वेळी मरत असतील तर मारणारा एकच.

अपलोड बंद केलं, आणि नुसतं हार्डडिस्कवरून लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर फोल्डर कॉपी करायला लावलं. इंटरनेटचा काही वापर नाही, तरी मोबाईलचा पिंग मेला. कॉपी थांबवली, पिंग परत आला. मग तेच फोल्डर सी ड्राइव्हवरून अपलोड केलं, हार्डडिस्क काढून, तर एकदाही तुटलं नाही.

यूएसबी ३ चा डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने पळतो आणि त्याचा रेडिओ कचरा रुंद पट्ट्यात पसरतो, त्यात २.४ गिगाहर्ट्झ पण येतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय, त्यात वायरलेस माउसचं उदाहरणसुद्धा आहे. काकांची डिस्क डावीकडच्या निळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी ३ ला, माउसचा रिसीव्हर तिला चिकटून, डिस्कची केबल कुठलीतरी साधी, आणि मोबाईल लांब खिडकीत, म्हणजे लॅपटॉपला आधीच कमी ऐकू येतंय आणि कानाशी डिस्क ओरडतेय. म्हणजे खिडकीत ठेवायच्या सल्ल्याने टॉवरची रेंज सुधारली आणि वायफाय बिघडलं.

उपाय फुकटचा. डिस्क उजवीकडच्या काळ्या पोर्टात लावली, ते यूएसबी २. तिथे ४८० मेगाबिट मिळतात, मोबाईलचं अपलोड त्याच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे पाठवताना काहीच फरक पडत नाही. फोटो कॉपी करायचे तेव्हा निळं पोर्ट, पाठवायचे तेव्हा काळं. माझ्यासमोर शीटचं सगळं फोल्डर गेलं आणि लॅबचा मिळालं म्हणून फोनही आला. काका मात्र खूश व्हायच्याऐवजी त्या गेलेल्या पीएसडीबद्दलच बोलत बसले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. जाडजूड, चांगल्या शील्डिंगची (कचरा बाहेर पडू न देणाऱ्या आवरणाची) केबल लावून निळ्या पोर्टात परत बघितलं तर त्रास बराच कमी झाला पण गेला नाही, मधूनच पिंग चारशे-पाचशे मिलिसेकंदांवर उडी मारत होता. उरलेला कचरा डिस्कच्या डब्यातून येतोय की लॅपटॉपच्या पोर्टातून, हे दुसरी डिस्क लावून बघायचंय. काकांना सांगून ठेवलंय, पुढच्या लग्नाचं काम संपलं की लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही दोन दिवस माझ्याकडे ठेवा, पैसे नकोत.