अकराशे सत्तावन्न डॉलर

खडकीत वाढलेल्या माणसाने "मी हॉकीत आहे" असं सांगितलं की समोरचा लगेच धनराज पिल्लेचं नाव घेतो. साहजिक आहे, धनराज खडकीचाच. मग मला खुलासा करत बसावं लागतं, की आमची हॉकी बर्फावरची, पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चकती. आणि मी काही स्टिक हातात धरत नाही, मी हिशेब लिहितो. एनएचएलमध्ये, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, कॅनडा-अमेरिकेतले ३२ संघ आहेत. त्यातल्या एकाकडे खेळाडूंचे करार आणि सॅलरी कॅप, म्हणजे पगारखर्चाची मर्यादा, सांभाळायचं काम मी करतो. बाबा खडकीच्या दारुगोळा कारखान्यात हजेरीच्या मस्टरवर होते. पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे टाइमकीपर."

तेव्हा जरा लागलं होतं. पण माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन नंतर कुणी केलं नाही.

आयपीएलमुळे आपल्याला वाटतं की खर्चाची मर्यादा म्हणजे लिलावाची पर्स. २०२५ साठी ती १२० कोटी होती. लिलाव झाला, पर्स रिकामी झाली, विषय संपला. एनएचएलची कॅप तशी नाही, ती रोज मोजली जाते. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात बुडाला आणि पुढच्या वर्षी कॅप आली, ३ कोटी ९० लाख डॉलरची. मी सांगतोय त्या २०२३-२४ च्या हंगामात ती ८ कोटी ३५ लाखांवर गेली होती. हंगामाचे दिवस १९२. प्रत्येक खेळाडूच्या वर्षाच्या आकड्याला १९२ ने भागायचं आणि तो जितके दिवस आपल्या यादीवर असेल तितके रोज त्याच्या नावावर टाकायचे. त्या वर्षी कमीत कमी पगार ७,७५,००० होता, म्हणजे दिवसाला ४,०३६ डॉलर. सरळ रोजंदारी. फक्त इथले रोजंदार काचेच्या दाराच्या गाडीतून उतरतात.

गोम पुढे आहे. आज एखाद्याला फार्म टीममधून, म्हणजे खालच्या अमेरिकन हॉकी लीगमधल्या आमच्या संघातून वर आणायचं असेल, तर त्याचा आजचा रोज परवडून भागत नाही. तो हंगाम संपेपर्यंत राहणार असं धरून उरलेल्या सगळ्या दिवसांचे पैसे आज शिल्लक दिसावे लागतात. उद्या परत पाठवणार असलात तरी. त्यामुळे आमच्या धंद्यात तोच माणूस सोमवारी महाग असतो आणि शुक्रवारी स्वस्त.

मार्चमधला गुरुवार होता. आजचा धरून हंगामाचे २९ दिवस उरले होते. संध्याकाळी सातला घरच्या मैदानावर सामना. यादीवर २२ जण: दोन गोली, तेरा फॉरवर्ड, सात डिफेन्समन. त्यातला एक फॉरवर्ड मांडीचा स्नायू धरून बसला होता आणि एका डिफेन्समनची जांघ ओढली गेली होती. उरले बारा आणि सहा. सामन्याला गोली सोडून अठराच लागतात, म्हणजे बरोब्बर. सकाळचा सराव बघताना मी कॉफीत दूध जास्त झालं म्हणून चिडलो होतो. त्या दिवसाची तेवढीच तक्रार असेल असं वाटत होतं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी ट्रेनरचा फोन आला. एक डिफेन्समन सरावानंतर घरी जाऊन झोपला होता तो उठलाच नाही. ताप १०२, उलट्या. "आजचं विसर," ट्रेनर म्हणाला, "परवापर्यंत बरा होईल."

शीट उघडीच होती. शिल्लक १,१५,९०० डॉलर. किमान पगाराचा माणूस आज आणायचा तर २९ रोज, म्हणजे १,१७,०५७. दोनदा केलं, मग कॅल्क्युलेटरवर केलं, मग कागदावर पेनने केलं, बाबा करायचे तसं. उत्तर तेच. ८ कोटी ३५ लाखांच्या हिशेबात १,१५७ डॉलर कमी. उद्या सकाळी दिवस २८ झाले असते, लागले असते १,१३,०२१, आणि तोच माणूस आरामात बसला असता.

जनरल मॅनेजरच्या खोलीत आम्ही तिघं जमलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अशा वेळी काहीतरी पळवाट असतेच. एक एक करून सगळ्या तपासल्या. जखमी यादीवर, आयआरवर टाकलं तर यादीतली जागा मोकळी होते, पैसे होत नाहीत, आणि जागा आम्हाला नकोच होती. ८ मार्चच्या ट्रेड डेडलाइननंतर, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेनंतर, २३ जणांची मर्यादाच उठते. एलटीआयआर म्हणजे लांबच्या दुखापतींची यादी. तिथे कॅपमध्ये सवलत मिळते, पण त्यासाठी खेळाडू किमान २४ दिवस आणि १० सामने बाहेर असावा लागतो. उलट्या होणारा माणूस चोवीस दिवस बाहेर आहे असं कोण लिहून देणार? (एलटीआयआरची कीर्ती तशी बरी नाहीच. २०२०-२१ मध्ये टॅम्पा बेचा निकिता कुचेरोव्ह अख्खा साखळी हंगाम त्या यादीवर होता, प्लेऑफला उतरला आणि संघाने विजेतेपदाचा कप नेला. प्लेऑफमध्ये तेव्हा कॅपच नव्हती. ती २०२५-२६ पासून आली. नियमात बसत होतं, पण चार वर्षं सगळे दात ओठ खात होते.) कुणाला तरी खाली पाठवून पैसे मोकळे करावेत, तर बहुतेकांना आधी वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या संघांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. ती दुपारी दोनची वेळ आणि पुढचे चोवीस तास तो आपल्याच खात्यावर. वेव्हरशिवाय खाली जाऊ शकेल असा एकच होता, एकवीस वर्षांचा डिफेन्समन. त्याला पाठवून दुसरा आणायचा म्हणजे पाचाचे पाचच राहणार.

शिवाय तेव्हाच्या नियमांत एक आणीबाणीची सवलत होती. माणसं कमी पडली तर कॅपबाहेर एखाद्याला आणता यायचं, त्याचा आकडा ८,७५,००० पर्यंत असला तर. पण त्यासाठी आधी एक सामना कमी माणसांत खेळून दाखवावा लागायचा. आधी बुडून दाखवा, मग दोर टाकतो.

"सतरा जणांत खेळू," जीएम म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "किती कमी पडले म्हणालास?"

आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. मला मात्र बोलायचं होतं, कारण ते १,१५७ डॉलर कुठे गेले हे मला माहीत होतं.

त्या एकवीस वर्षांच्या पोराला आम्ही ऑक्टोबरपासून कागदावर वरखाली करत होतो. सामना नाही, सराव नाही अशा दिवशी सकाळी त्याला खालच्या संघात पाठवल्याचं कळवायचं, दुसऱ्या दिवशी परत बोलावल्याचं कळवायचं. पोरगा आपल्या फ्लॅटमधून हलत नाही. पण तेवढ्या दिवसाचे ४,०३६ डॉलर आमच्या शिलकीत पडतात. तेव्हा सगळेच संघ करायचे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण त्याचा करार टू-वे होता. खाली असताना वर्षाला ८० हजारांचा दर, म्हणजे त्या दिवसाच्या पगारातून त्याचे साडेतीन हजारांवर डॉलर जातात. अकरा वेळा केलं होतं आम्ही असं. म्हणजे त्याचे चाळीस हजारांच्या आसपास गेले होते, आणि त्याने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. एजंटने एकदा फोन केला होता, तोही हसत.

बारावा दिवस फेब्रुवारीत आला. संघ दौऱ्यावर होता आणि वडिलांची सहल होती. बरेच संघ वर्षातून एकदा खेळाडूंच्या वडिलांना किंवा आयांना बरोबर नेतात, संघाच्याच विमानात, संघाच्याच हॉटेलात. याचे वडील शेतकरी, हातात न मावणारे पंजे, सगळ्या जेवणांना संघाची टोपी घालून बसायचे. मधला एक दिवस रिकामा होता. माझ्या यादीत नाव तयार होतं. मी जीएमला म्हटलं, आजचा दिवस राहू दे, बापासमोर कशाला. शिल्लक बरी आहे.

"नक्की?" त्याने विचारलं होतं.

"नक्की," मी म्हटलं होतं.

हे सगळं त्याला त्या गुरुवारी त्या खोलीत आठवत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. डेडलाइननंतर हे वरखाली करणं तसंही बंद झालं होतं, कारण मग हंगाम संपेपर्यंत साधे रिकॉल, म्हणजे खालून वर बोलावणी, तेव्हा चारच मिळायचे. जे साठवायचं ते आधीच साठवायला हवं होतं.

सव्वादोनला खालच्या संघाच्या कोचला मीच फोन लावला. त्याने ट्रेनरकडून कुणकुण लागताच एका डिफेन्समनला तयार राहायला सांगून टाकलं होतं. अडीच तासांचा रस्ता, सातच्या सामन्याला आरामात पोचला असता. "तो गाडीत बसलाय," कोच म्हणाला. "बॅग मागे टाकलीय." सत्तावीस वर्षांचा खेळाडू, सहा वर्षं खालच्या लीगमध्ये, एनएचएलचा एकही सामना नावावर नाही. मी म्हटलं, आज नाही. कोच क्षणभर थांबला. "आज नाही की नाहीच?" मी म्हटलं, आज नाही. मागे कुणीतरी बर्फ साफ करायची गाडी चालवत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्याने फोन ठेवला.

पाच वाजता यादी लीगकडे गेली.

पाच डिफेन्समन घेऊन खेळणं म्हणजे काय, ते आकड्यांत कळत नाही. बर्फावर एका वेळी दोन असतात, पाऊण मिनिटाची शिफ्ट करून परत येतात, आणि सहा असले की तीन जोड्या होतात. पाच झाले की जोडी मोडते आणि दर वेळी कुणीतरी दम न घेता परत जातो. एरवी तेरा-चौदा मिनिटं खेळणारा आमचा एकवीस वर्षांचा पोरगा त्या रात्री सव्वीस मिनिटं खेळला. तिसऱ्या पिरियडमध्ये तो बाकावर येऊन बसायचा तेव्हा तोंड उघडं, हेल्मेटमधून वाफ निघतेय, आणि हात पाण्याच्या बाटलीकडे नेऊन बाटली न उचलताच तो परत उठायचा. मी वर प्रेस बॉक्समध्ये होतो. दर वेळी तो उठला की मी त्याच्या साडेतीन हजारांचा विचार करत होतो. मूर्खपणा आहे, पण करत होतो. २-२ वर गेलो आणि ओव्हरटाइममध्ये हरलो. गोल झाला तेव्हा तो बर्फावर नव्हता. हेही मी पाहून ठेवलं.

चाहत्यांना कारण आमच्याआधी कळलं असेल. तेव्हा कॅपफ्रेंडली ही साइट चालू होती (त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन कॅपिटल्सने ती विकत घेतली आणि लोकांसाठी बंद केली) आणि आमची शिल्लक कुणीही बघू शकायचं. दुसऱ्या पिरियडच्या आतच लोकांनी २९ ने गुणून आमची लाज काढली होती. कुणीतरी लिहिलं होतं, मी देतो हजार डॉलर. सहकाऱ्याने धीर द्यायला जुने दाखले काढले: ऑक्टोबर २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्स कॅपपायी गोली सोडून पंधराच खेळाडू घेऊन खेळले होते, त्याच उन्हाळ्यात इल्या कोवालचुकला १५ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार देऊन. मे २०२१ मध्ये व्हेगासही कोलोरॅडोसमोर पंधरा जणांनिशी उभे राहिले होते. खरंय. पण ते कोट्यवधींमुळे अडले होते, आम्ही एका वडिलांच्या सहलीमुळे. हंगामाच्या शेवटी त्या हुकलेल्या गुणाने काही फरक पडला नाही, हेही सांगून टाकतो.

शुक्रवारी सकाळी शीटवर २८ आलं. आता जागा होती. पण सामना शनिवारी, आणि शुक्रवारी संध्याकाळी ट्रेनरने कळवलं की तापवाला सूप पितोय. शनिवारी सकाळी तो सरावाला आला, चेहरा पांढराफटक, पण पायांवर उभा. सहा झाले. खालून कुणाला बोलवायची गरजच उरली नाही. खालच्या कोचला मी परत फोन केला नाही, मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. सत्तावीस वर्षांच्या त्या खेळाडूला त्या हंगामात आमच्याकडून बोलावणं गेलं नाही, आणि उन्हाळ्यात त्याचा करार संपला.

शनिवारी आम्ही जिंकलो. रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून मी घरी फोन केला. खडकीत रविवारची सकाळ होती, आठ वाजलेले, मागे कुकरची शिट्टी. बाबांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. आकडे असले की ते नीट ऐकतात. १,१५७ ला त्यांनी "हं" केलं.

"मग आता परत तो दिवस आला तर त्या पोराचा खाडा लावशील का, बाप शेजारी बसलेला असताना?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"आणि गाडीत बसला होता तो? त्याला कळलं का कशामुळे ते?"

"नाही. कोणी सांगत नाही तसं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे मस्टर बंद झालं की झालं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तिकडे थंडी आहे ना अजून? गाडीत कशाला बसलायस. जा घरी, जेव."