विकलेल्या गाडीची सात चलानं

साताऱ्यात आरटीओच्या कामांचं दुकान आहे माझं, त्यामुळे चलानची रडगाणी रोज ऐकतो, पण या केसमध्ये मी पण चक्रावलो.

वाईचे एक रिटायर्ड सर आले, हातात पिशवी, पिशवीत जुन्या आरसीची झेरॉक्स. गाडी 2022 च्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका डीलरला दिलेली. मुलीने सहज गाडीचा नंबर आणि झेरॉक्सवरचे चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून बघितले तर सात चलानं पेंडिंग, सगळी सरांच्या नावावर. मेसेज कुठून येणार, आरसीला दिलेला मोबाईल नंबरच बंद झालेला.

"अहो पण मी गाडी विकलीय ना?" सर म्हणाले.

मी विचारलं, नाव बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून दिलेत? तर म्हणे सह्या करून दिल्या, कोऱ्या फॉर्मवर. झालं. कायद्याने विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि नाव बदलेपर्यंत रेकॉर्डला मालक तुम्हीच. चलान सोडा, उद्या अपघात झाला तर क्लेम पण तुमच्यावर, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हेच सांगितलंय. हे ऐकून सरांनी आधी पाणी मागितलं. आता डीलरला गाडी दिली की तसं आरटीओला कळवायचा 29सी फॉर्म टाकायची सोय आहे, पण ती 2023 पासूनची, आणि ती पण फक्त ऑथराइज्ड डीलरसाठी. हा डीलर तर फोनच उचलेना.

मग मी चलानचे फोटो एकेक करून मोठे करत बसलो. नो पार्किंगच्या एका फोटोत मागच्या काचेवर मंडप डेकोरेटरची जाहिरात, खाली मोबाईल नंबर, पण शेवटचा आकडा वायपरने झाकलेला. म्हटलं दहाच तर शक्यता आहेत, लाव शून्यापासून. एका बाईंनी असं झापलं की विचारू नका. सहाव्या फोनला मंडपवाला लागला, कोरेगावचा.

मला वाटलं आता हा हात वर करणार, तर तोच माझ्यावर ओरडला, "अहो तीन वर्षं त्या डीलरच्या मागं लागलोय गाडी माझ्या नावावर करून दे म्हणून, तो म्हणतो फॉर्म सापडत नाहीत!" म्हणजे दोघांनाही एकानेच टोपी घातलेली.

दुसऱ्या दिवशी तो तीच गाडी घेऊन आला. चलान पेंडिंग असलं की नाव बदलायचं काम पुढे सरकत नाही, म्हणून त्याने दुकानातच बसून सहा चलानं मोबाईलवरून भरली, फारशी कुरकुर न करता. सातवं मात्र ओव्हरस्पीडचं, 2000 चं, तारीख बघितली तर गाडी विकली त्याच दिवशीची संध्याकाळ. डीलरचा पोरगा पुण्याला नेताना उडवत गेला असणार, पण डिलिव्हरी नोटवर नुसती तारीख, वेळ घातलेलीच नाही, मग सिद्ध काय करणार.

ते सरांनी भरलं. पावती घडी घालून खिशात ठेवली, बाहेर जाऊन गाडीला एक चक्कर मारली आणि मंडपवाल्याला म्हणाले, "माझ्याकडे होती तोवर कधी सत्तरच्या वर गेली नव्हती हो."