"आमच्यात हेका इसवण म्हणतत"

"आमच्यात हेका इसवण म्हणतत. मगे विकिपीडियार तुमी सुरमई कित्याक लिवलास?" मालवण-वेंगुर्ल्याकडून हा प्रश्न वारंवार येतो. उत्तरेकडून, रायगडातून, असाच प्रश्न शिंपल्यांबद्दल येतो, आणि खाडीकाठच्या गावांतून तिवरांबद्दल. शब्द वेगळे, पण विचारायचं एकच असतं: आमचं नाव तिथे का नाही, आणि घालायचं असेल तर कसं घालायचं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाव घालता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, पदवीही लागत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आजवर तो स्वयंसेवकांनीच लिहिला आहे. पण 'संपादन'वर बोट ठेवण्याआधी एक काम असतं, आणि खरा वेळ तिथेच जातो. तुमच्या तोंडातलं नाव नेमक्या कुठल्या जिवाचं आहे, हे आधी पक्कं करायला हवं.

सुरमईच घ्या. आपल्या किनाऱ्यावर या नावाखाली एकाहून जास्त जाती विकल्या जातात. स्कॉम्बेरोमोरस कॉमरसन हा त्यातला सर्वांत मोठा मासा, २४० सेंटिमीटर आणि ७० किलोपर्यंतच्या नोंदी असलेला. त्याच्या अंगावर उभे, थोडे नागमोडी, करडे पट्टे असतात, आणि बाजूने जाणारी पार्श्वरेषा दुसऱ्या पाठपराच्या शेवटाखाली एकदम खाली उतरते. स्कॉम्बेरोमोरस गटाटसच्या अंगावर पट्टे नसतात, गोल ठिपक्यांच्या ओळी असतात. त्याची पार्श्वरेषा हळूहळू उतरते आणि पुढच्या भागात तिला बारीक फाटे फुटलेले दिसतात. तिसरा लिनिओलाटस, त्याच्यावर आडव्या तुटक रेघा. सुरमई, तोवर, इसवण यांपैकी कुठलं नाव कुठल्या माशाला, हे बंदरागणिक बदलतं. म्हणून "इसवण म्हणजे सुरमई" एवढं वाक्य लेखात घालून भागत नाही. तुमच्या बंदरावर ज्याला इसवण म्हणतात त्याच्या अंगावर पट्टे आहेत की ठिपके, हे आधी बघावं लागतं.

त्यासाठी फोटो लागतो, आणि फोटोतच बहुतेक गोष्टी बिघडतात. टोपलीतल्या ढिगाचा फोटो ओळखीला निरुपयोगी. एकच मासा घ्या, पाण्याने धुवा, ओल्या काळ्या फळीवर डोकं डावीकडे करून आडवा ठेवा, पर बोटाने उघडा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. फ्लॅश लावला तर खवल्यांवर उजेड चमकतो आणि ठिपके दिसेनासे होतात, म्हणून सकाळी सावलीत काढलेला फोटो उत्तम. बर्फात रात्रभर राहिलेल्या माशाचा रंग उडतो, तेव्हा होडीतून उतरल्या उतरल्या टिपलेला बरा. लांबी लिहिताना ती कुठपासून कुठपर्यंत मोजली ते लिहा: शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या बेचक्यापर्यंत, की शेपटी सुरू होते तिथपर्यंत. संदर्भग्रंथांत तिन्ही मापं वापरतात. ती एकमेकांत मिसळली की लेखात बांगडा अचानक पाच सेंटिमीटरने वाढतो.

कुर्लीचा फोटो पाठीवरून काढून पुरत नाही. चिंबोऱ्यांच्या सायला या प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) १९९८ मध्ये फेरतपासणी झाली आणि जिथे सगळं 'सायला सेराटा' म्हणून खपत होतं तिथे चार वेगळ्या जाती निघाल्या. आपल्याकडे त्यांतल्या सेराटा आणि ऑलिव्हेसिया या दोन महत्त्वाच्या. सेराटाच्या दोन डोळ्यांमधले दाते उंच आणि टोकदार, नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूने दोन ठळक काटे, आणि सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी. ऑलिव्हेसियाचे दाते बुटके, बोथट. मनगटावर फार तर एक बारका काटा. म्हणजे समोरून एक आणि नांगीचा जवळून एक, असे दोन फोटो हवेतच. १९९८ आधीचं पुस्तक उघडून "कोकणात सायला सेराटा आढळतो" असं लिहिलं, तर संदर्भ खरा असूनही विधान चुकीचं असू शकतं. जुने संदर्भ वापरताना ही भीती कायम मनात ठेवावी.

खाडीत तर 'तिवर' हा शब्द अख्ख्या कांदळवनाला लावतात. तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया: चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी बारीक श्वसनमुळं ही त्याची खूण. कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा, खोडापासून कमानीसारखी उतरणारी आधारमुळं आणि झाडावरच रुजून लोंबणाऱ्या लांब शेंगांसारख्या रोपांचा. चिप्पीची श्वसनमुळं जाड आणि शंकूसारखी. पांढरी चिप्पी, सोनेरेशिया अल्बा, २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली. तेव्हा ती घाईत 'तिवर' म्हणून लिहिली गेली असेल तर ते दुरुस्त करण्याजोगं आहे. या झाडांचे फोटो काढताना पान दोन्ही बाजूंनी, फूल, फळ आणि मुळं असे वेगवेगळे काढा. ओहोटीला जा. भरतीत मुळं पाण्याखाली असतात आणि मुळांशिवाय अर्धी ओळख निसटते.

ओळख पटली की शास्त्रीय नाव. ते लेखात रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत असावं आणि कंसात देवनागरी उच्चार द्यावा. प्राण्याच्या नावापुढे वर्णनकर्त्याचं नाव आणि साल असतं, आणि कधी ते कंसात, कधी कंसाशिवाय छापलेलं असतं. कंस शोभेचा नाही. वर्णन झालं तेव्हा तो जीव दुसऱ्या प्रजातीत होता, असा त्याचा अर्थ. बोंबलाचं वर्णन हॅमिल्टनने १८२२ मध्ये केलं ते वेगळ्या प्रजातीत, म्हणून आज हार्पाडॉन नेहेरियसपुढे हॅमिल्टन कंसात येतो. कंस काढून टाकला तर चूक होते, आणि ही चूक फार होते. वनस्पतींत कंसातलं नाव मूळ वर्णनकर्त्याचं आणि कंसाबाहेरचं, नवीन प्रजातीत हलवणाऱ्याचं. तिथे साल लिहीत नाहीत. रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरची दीपकाडी, डिपकाडी कोंकणेन्स, हिच्या नावापुढे डाल्झेल कंसात आणि बेकर बाहेर, ते यामुळे.

नावं बदलतातही. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झाला. जुन्या सगळ्या पुस्तकांत तो पॅम्पस अर्जेंटियस आहे, पण आपल्या समुद्रातला चंदेरी पापलेट म्हणजे पॅम्पस कँडिडस, असं अलीकडचे अभ्यासक लिहितात. अशा वेळी जुनं नाव पुसू नका. आजचं स्वीकृत नाव वर, जुनं 'समनाम' म्हणून खाली, आणि दोन्हींना संदर्भ. माशांसाठी कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसची माशांची सूची, बाकी समुद्री जिवांसाठी वर्म्स ही जागतिक नोंदसूची आणि वनस्पतींसाठी क्यू उद्यानाची जागतिक सूची, ही तीन ठिकाणं बघितल्याशिवाय मी शास्त्रीय नाव पक्कं मानत नाही.

मराठी संज्ञांचा घोळ वेगळा. वर्तमानपत्रांत 'दुर्मिळ प्रजाती सापडली' असं येतं तेव्हा त्यांना एक जाती म्हणायचं असतं. पाठ्यपुस्तकांतली उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती जातीच्या वरची पायरी. विकिपीडियाच्या जीवचौकटीत (लेखाच्या कडेला असणाऱ्या वर्गीकरणाच्या चौकटीत) माहिती भरताना रकान्याचं मराठी नाव बघून अंदाजाने भरू नका. आधीच भरलेला एखादा चांगला लेख शेजारी उघडा आणि कुठल्या रकान्यात काय लिहिलंय ते ताडून पाहा. एक रकाना सरकला की खालचे सगळे सरकतात.

काही नावं तर मुळातच फसवी. हलव्याला काळा पापलेट म्हणतात, पण त्याचं पापलेटच्या कुलाशी नातं नाही. हलवा, म्हणजे पॅरास्ट्रोमेटियस नायजर, कॅरँजिडी कुलातला. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणतात, आणि सामनशी त्याचा काही संबंध नाही. यंत्राने भाषांतर केलेल्या लेखात रावसाचा दुवा थेट थंड नद्यांतल्या सामनला जाऊन लागतो. तिथेच माशांच्या थव्याची 'शाळा' होते आणि खवल्यांचा 'तराजू'. भाषांतराचं साधन वापरायला माझी ना नाही, पण प्रत्येक वाक्य एखाद्या मासेवाल्या मावशींना वाचून दाखवता येईल असं होईपर्यंत ते धूळपाटीवरच, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावरच ठेवा.

आता मूळ मुद्दा, स्थानिक नाव. विकिपीडियावर छापील किंवा प्रकाशित आधाराशिवाय विधान टिकत नाही. "आमची आजी असंच म्हणायची" हे खरं असलं तरी संदर्भ म्हणून चालत नाही. आजीवर अविश्वास आहे म्हणून हा नियम नाही. उद्या कुणी मुद्दाम खोटं नाव घुसवलं तर ते ओळखायला दुसरा मार्ग नाही, म्हणून तो आहे. मग आधार कुठे शोधायचा? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रकाशनांत मराठी नावं असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका बघा. फ्रान्सिस डे यांचा भारतातल्या माशांवरचा ग्रंथ १८७५ ते १८७८ मध्ये निघाला. त्यात प्रांतवार देशी नावं आहेत, फक्त ती रोमन लिपीत आणि साहेबी कानाने ऐकलेली. तो ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, म्हणून त्यातली चित्रंही लेखात वापरता येतात. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये झाडांची नावं आहेत. ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत सर्वांत जास्त नावं सापडतील, पण बहुतेक नोंदवह्या प्रकाशित नसतात आणि त्यातलं ज्ञान गावाचं असतं. मी ती दिशा कळण्यापुरती वाचते, संदर्भ म्हणून देत नाही.

आधार मिळाला की लेखात नाव एकटं टाकू नका. "दक्षिण सिंधुदुर्गात इसवण" असं गावाशी, तालुक्याशी बांधून लिहा. शिंपल्यांत हे फार गरजेचं आहे, कारण तिसऱ्या, मुळे, शिवल्या ही नावं दोन खाड्या ओलांडल्या की एकावरून दुसऱ्यावर सरकतात. आधार मिळालाच नाही, तर लेखाच्या चर्चापानावर नाव, गाव आणि फोटोचा दुवा ठेवा. पुढे कुणाला पुस्तक सापडलं की ते तिथून उचलता येतं.

मग पुनर्निर्देशन. 'इसवण' नावाचं रिकामं पान उघडून त्यात #पुनर्निर्देशन आणि चौकटी कंसांत सुरमईच्या लेखाचं नाव लिहिलं की इसवण शोधणारा बरोबर पोचतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण वाचकाला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा लांबलचक परिच्छेदाचाही होत नाही. बोंबील-बोंबिल अशा ऱ्हस्वदीर्घाच्या जोड्यांनाही हाच उपाय. जिथे एका शब्दाचे दोन अर्थ आहेत तिथे निःसंदिग्धीकरणाचं पान लागतं: हलवा गोडाचाही असतो, मोरी न्हाणीघरातलीही. शेवटी लेखाला जोडलेले इतर भाषांचे दुवे तपासा. ते विकिडेटावरून, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यातून येतात. तुमचा लेख एका जातीवर असेल तर तो त्या जातीच्या नोंदीला जोडलेला हवा, सबंध गटाच्या नोंदीला नाही. तिथेच 'सामान्य नाव' या गुणधर्मात मराठी नाव भाषेसकट भरता येतं.

फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रभांडारात चढवताना तीन गोष्टी. फोटो तुम्ही स्वतः काढलेला हवा. व्हॉट्सॲपवरून आलेला नको, कारण हक्क काढणाऱ्याचा असतो आणि तिथे फोटो दाबला जाऊन तारीखही पुसली जाते. फाइलच्या नावात शास्त्रीय नाव आणि गाव असू द्या. आणि परवाना असा निवडा की व्यावसायिक वापरावर बंदी नसेल. आयनॅचरलिस्ट या जिवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मूळ निवडच 'अव्यावसायिक' असते. तसे फोटो कॉमन्सवरून काढून टाकले जातात. सेटिंगमध्ये जाऊन आधी ते बदला.

जागा मात्र प्रत्येक वेळी सांगू नका. कासवाचं घरटं, सड्यावरच्या दुर्मिळ कंदाची जागा, पाकोळ्यांची गुहा यांचे अक्षांश-रेखांश फोटोतून काढून टाका, तालुका पुरतो. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी झालेली आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातला जो मासा २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला, त्याची जागा नावातच आहे आणि २०२१ मध्ये तिला वारसास्थळाचं संरक्षण मिळालं. प्रत्येक जिवाला ते मिळत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर फोटोला मासा मिळणं कठीण. पण तेच दिवस सड्यांवरच्या दीपकाडीचे. त्या दोन महिन्यांत सडे फिरा, घरी बसून जुने संदर्भ चाळा, पुनर्निर्देशनं करून ठेवा. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा लागल्या की पहिली इसवण फळीवर ठेवा, डोकं डावीकडे, आणि तिच्या अंगावर पट्टे आहेत की ठिपके ते मला कळवा.