गंगापूरच्या बॅकवॉटरवर दोन रात्री आणि एक संडास

आमच्या दाजींनी मुंबईकडची जुनी केबिनवाली बोट ट्रेलरवर घालून आणली आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लावली. दोन झोपायच्या जागा, इवलासा ओटा आणि आत व्हॅक्यूमचा संडास. कौतुक आठवडाभर टिकलं. मग फोन आला, "मेव्हणे, कुणी जात नाही, येत नाही, तरी दर दहा मिनिटांनी पंप घुरघुरतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

माझं सातपूरला शेतीपंप दुरुस्तीचं दुकान. बोटीतला संडास मी कधी उघडलेला नव्हता. पण न वापरता पंप चालू होतोय म्हणजे लाईन कुठंतरी हवा घेतेय, एवढं फोनवरच कळलं.

जानेवारीतला शनिवार धरला. सकाळी मिसळ हाणून गंगापूर रोडनं निघालो, सोमेश्वरच्या पुढं थंडीनं बोटं आखडली. हातमोजे दोन जोड न्या, एक गाडीवर आणि एक कामाला. चुकून अदलाबदल करू नका.

यंत्र तसं सरळ आहे. घरच्या संडासात पाणी ढकलतं, इथं व्हॅक्यूम ओढतो. पंप नळीतली हवा काढून ठेवतो. पेडल दाबलं की भांड्याच्या तळाचं झाकण सरकतं आणि अर्ध्याएक लिटर पाण्यात सगळं सुर्रकन खेचलं जातं, ते पंपातून पुढं मैल्याच्या टाकीत. दाजींच्या यंत्रात १० इंच पारा इतका व्हॅक्यूम झाला की स्विच पंप बंद करतो आणि ८ वर उतरला की परत चालू. १० इंच म्हणजे साधारण ११ फूट पाणी वर ओढण्याइतका जोर. विहिरीवरचा पंप वीस फुटांवरून ओढतो, त्यापुढं हे काहीच नाही. पण विहिरीवरचा पंप पाणी टाकत राहतो, म्हणून बारीक गळती खपून जाते. इथं पंप बंद असतानाही तासन् तास व्हॅक्यूम धरून ठेवायचाय. सुईएवढ्या फटीनंही झोप उडते.

बोटीत व्हॅक्यूम मोजायचा गेज नव्हता. आमच्या ओळखीच्या गवळ्याकडून दूध काढायच्या मशीनचा व्हॅक्यूम गेज उसना घेतला होता आणि टी (तीन तोंडांचा जोड) लावून लाईनीत बसवला. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे साधारण २५० ला बंद, २०० ला चालू.

पहिले दोन तास मी वाया घालवले. सवयीनं सगळ्या नळ्यांच्या क्लिपा आवळत बसलो. काटा तसाच घसरत होता. त्याआधी कुणीतरी व्हॅक्यूम स्विचचा स्क्रूही पिळून ठेवलेला. त्याला हात लावू नका. गळती सहसा स्विचमध्ये नसते, स्विच फक्त ओरडतो.

सुरुवात भांड्यापासून करायला हवी होती. भांड्यात पाणी ठेवा आणि घड्याळ बघा. आमचं पाणी वीस मिनिटांत गायब. म्हणजे तळाच्या झाकणाचं रबर सील धरत नव्हतं. पंपाची वीज बंद केली, पेडल दाबून धरून व्हॅक्यूम सोडला आणि जुन्या टूथब्रशनं सीलची कड घासली. पेरूची एक बी निघाली. ती तिथवर कशी पोचली, हे भाच्यानं विचारलंच. सीलला ब्लीच, पेट्रोल, व्हॅसलीन काही लावू नका, रबर खराब होतं.

पाणी टिकायला लागलं, पण पंप आता दर चाळीस मिनिटांनी. दाजी खूष, मी नाही. दोन फ्लशच्या मध्ये त्यानं काही तास गप्प बसायला हवं. मग भांड्याकडून येणारी नळी पंपाजवळ सोडली आणि पंपाच्या उघड्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लिपेनं आवळला. तरीही काटा उतरतोय म्हणजे भांडं आणि नळी निर्दोष, चोर पंपात. (उतरला नसता तर नळीच्या मागे लागलो असतो.)

पंपाच्या दोन्ही टोकांना बदकाच्या चोचीसारखे रबरी व्हॉल्व्ह असतात. आपला फूटव्हॉल्व्हच (पाणी उलटं जाऊ न देणारा), फक्त मऊ. एका चोचीत ओल्या टिश्यूचा धागा अडकून ओठ उघडे राहिलेले, दुसरीचे ओठ कायमचे वाकडे झालेले. नवे मुंबईहून मागवायचे होते, तोवर धागा काढून बाहेरच्या टोकाचा चांगला व्हॉल्व्ह भांड्याकडच्या टोकाला घातला आणि वाकडा टाकीकडच्या. जुगाड आहे, पण दोन रात्री पंप शांत होता. ओले टिश्यू संडासात टाकणाऱ्या पाहुण्याला दाजींनी शोधून काढलं. ती आमची बहीणच निघाली, विषय तिथंच संपला.

दाजींची दुसरी तक्रार, फ्लश मंद. ते प्रकरण वेगळं होतं. मैल्याच्या टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. टाकीतली हवा बाहेर जाईना, म्हणून पंप पुढं ढकलताना धापा टाकत होता. तारेनं नळी मोकळी केली आणि तोंडाला बारीक जाळी बांधली.

पंप उघडण्याआधी टाकी रिकामी करा आणि तीन-चार वेळा नुसत्या पाण्यानं फ्लश करा. टाकीच्या तोंडात वाकून बघू नका, आतला वायू माणूस आडवा करतो. आणि थेट पाण्यात सोडायचा जो व्हॉल्व्ह असतो, तो आम्ही बंद करून तारेनं बांधून टाकला. याच धरणाचं पाणी नाशिककर पितात. आमची टाकी काठावर बोलावलेल्या सेप्टिक टँकच्या गाडीनं उपसली. ती आधीच ठरवून ठेवा, रविवारी मिळताना घाम फुटला.

सोबत डोक्यावर बांधायची बॅटरी, ट्यूबचा तुकडा, क्लिपा, टूथब्रश आणि सीलचा एक सेट असू द्या. गेज अजून बोटीतच आहे. गवळी रोज फोन करतोय, आणि दाजी म्हणतात, "राहू द्या हो, काटा बघितल्याशिवाय झोप येत नाही."