झुंबर घेतलं दोन तासांत, टांगायला लागले पाच आठवडे (माझा अनुभव)

आमच्या हॉलमधलं झुंबर जूनच्या पहिल्या रविवारी एकदाचं लागलं. घेतलं होतं एप्रिलच्या शेवटी. मधले पाच आठवडे ते खोक्यात बेडरूमच्या कोपऱ्यात पडून आणि मी सोसायटीच्या ऑफिसात खेपा घालतेय. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय, कुणाच्या तरी खेपा वाचतील.

हे वेड मुळात आईच्या हिऱ्याच्या कुड्यांमुळे लागलं. संध्याकाळी समई लावायला ती वाकली की कानापाशी एकदम निळी-केशरी ठिणगी दिसायची, आणि त्याच कुड्या ट्यूबलाइटखाली अगदी गप्प. पुढे वाचल्यावर कारण कळलं. हिऱ्याच्या गोल ब्रिलियंट कटला ५७ पैलू असतात, खालचं टोक घासून सपाट केलं तर ५८, आणि त्यांचे कोन मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन इंजिनिअरनं १९१९ साली गणितानं मांडले, का तर वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वरच यावा, खालून गळून जाऊ नये. पण त्यासाठी समोर ज्योतीसारखा एका बिंदूतून येणारा उजेड लागतो. ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून सारखा येतो, मग ठिणगी उडणार कुठून?

झुंबराच्या लोलकाचंही तेच. काचेचा वक्रीभवनांक (उजेड आत शिरताना किती वळतो त्याचा आकडा) साधारण १.५२, हिऱ्याचा २.४२, त्यामुळे हिऱ्याची सर काचेला येणार नाही हे खरंच, पण पैलू नीट पाडलेले असतील तर भिंतीवर सप्तरंगी कवडसे पडतात, आणि मला तेच हवे होते.

खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात झाली, पटकन. एकच सांगते, लोलक हातात घेऊन बघा. काच थंड लागते आणि जड असते, ॲक्रिलिक हलकं आणि कोमट. ॲक्रिलिकचा वक्रीभवनांकही १.४९ म्हणजे काचेच्या जवळपासच आहे, फरक पडतो तो धारेत. साच्यातून काढलेल्या लोलकाच्या कडा गोलसर असतात, घासून पैलू पाडलेल्या काचेची कड नखाला टोचते. आम्ही के-नाइन, म्हणजे भिंगांना वापरतात तसल्या स्वच्छ काचेचं घेतलं, आठ दिव्यांचं.

आता अडलं कुठे ते. हॉलच्या मध्यावर हुक नव्हता, बिल्डरनं दिलेला फॅनचा हुक बाल्कनीच्या बाजूला. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला एवढं वजन टांगायचा प्रश्नच नाही, ते स्लॅबलाच धरायला हवं, आणि स्लॅबला ड्रिल मारायचं तर सोसायटीची परवानगी. मला वाटलं एक अर्ज, एक सही. पहिल्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवतो." मीटिंग महिन्यातून एकदा. थांबले. मीटिंग झाली, उत्तर आलं की वजन लिहिलेलं नाही. मी घरच्या वजनकाट्यावर खोकं उचलून उभी राहिले, माझं वजन वजा केलं, लिहून दिलं. तर म्हणे घरच्या काट्याचं चालत नाही, बिलावर पाहिजे. बिलावर काय, तर "झुंबर, १ नग". दुकानात गेले, ते म्हणाले आम्ही वजन लिहून देत नाही, कंपनीला विचारा. कंपनीचा फोन कुणी उचलेना. परत ऑफिसात, तर मॅनेजर सुट्टीवर आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलाला अर्जच सापडेना, दुसरा लिहून घेतला. अर्ज कशासाठी आहे हे त्या ऑफिसात एकानंही नीट विचारलं नाही, प्रत्येकानं फक्त एक नवीन कागद मागितला. परवानगी मागायलाच हवी, वरच्या मजल्याची पाइपलाइन असते, ते मला मान्य आहे. पण काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय जातं?

शेवटी झाडताना नवऱ्यानं खोकं आडवं केलं आणि तळाशी छापील स्टिकर दिसला, ग्रॉस वेट १९.५ किलो, नेट वेट १७ किलो. फोटो काढला, अर्जाला जोडला, दुसऱ्या दिवशी सही! म्हणून सांगते, दुकानातच बिलावर नेट वजन लिहून घ्या आणि खोक्याच्या सहाही बाजू बघा.

फिटिंग अर्ध्या दिवसात झालं. इलेक्ट्रिशियननं दहा एमएमचा अँकर फास्टनर (स्लॅबच्या भोकात घट्ट रुतून बसणारा बोल्ट) मारला आणि म्हणाला, "ताई, लगेच लावू नका." हुकाला पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन भरलेले कॅन टांगले, चाळीस किलो, रात्रभर. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालात साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत, ती लावण्याआधी छतावर हत्ती चढवून बघितले होते असं सांगतात. आमचे हत्ती म्हणजे ते दोन कॅन. सकाळी हुक तसूभर हलला नव्हता, मला फार बरं वाटलं.

हो, बल्ब! हे आधी सांगायला हवं होतं. दुकानदारानं दुधी एलईडी दिले होते, सहा हजार पाचशे केल्विनचे, पांढरेफटक. लावले तर लोलक नुसते ओल्या काचेसारखे दिसत होते. काढून पारदर्शक काचेचे फिलामेंट एलईडी आणले, २७०० केल्विनचे, पिवळसर, चार-चार वॅटचे, आणि त्याच लोलकांतून छतावर रंग सांडले. होल्डर ई-१४ (बारीक आट्याचा) आहे की ई-२७ (जाड आट्याचा) ते बघून घ्या. उजेड कमी-जास्त करायचा डिमर हवा असेल तर बल्बही डिमेबलच घ्या, नाहीतर लुकलुकतात.

आई आली त्या संध्याकाळी मी फक्त झुंबर लावलं, बाकी सगळे दिवे बंद. ती खाली बसून भाजी निवडत होती, मान वळवली आणि कानातल्या कुडीतून तीच निळी ठिणगी. मी हातातलं काम सोडून बघत बसले.

अजून एक, लावताना एक लोलक पडून फुटला आणि तसाच दुसरा मिळवायला परत तपकीर गल्लीत दोन फेऱ्या झाल्या. खरेदीच्या वेळीच पाच-सहा लोलक आणि त्यांच्या तारेच्या कड्या जास्तीच्या मागून घ्या, तेव्हा दुकानदार खुशीनं देतो.