जॉर्ज इनची उरलेली एक बाजू

लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेकडे चालू लागले की बरो हाय स्ट्रीटच्या डाव्या हाताला काही अरुंद बोळ आत शिरताना दिसतात. त्यांपैकी एका बोळात जॉर्ज इन आहे. लांब पल्ल्याच्या घोडागाड्या जिथून सुटत आणि जिथे मुक्कामाला येत, अशा सराईला इंग्रजीत कोचिंग इन म्हणतात. भोवती सज्जे असलेली अशी लंडनमध्ये आता उरलेली ही शेवटची इमारत. पहिल्या भेटीत मी थेट आतल्या दालनात जाऊन बसलो होतो, आणि ती चूकच झाली, कारण ही वास्तू बाहेर अंगणात उभे राहूनच कळते.

इन नेमकी इथेच का, याचे उत्तर पुलात आहे. 1750 साली वेस्टमिन्स्टर ब्रिज खुला होईपर्यंत शहराच्या मध्यभागी टेम्स नदीवर लंडन ब्रिज हा एकच पूल होता. दक्षिणेकडून येणारी सगळी वाहतूक त्याच्या तोंडाशी गोळा होई, आणि म्हणून सदर्कच्या, म्हणजे नदीच्या दक्षिणेकडच्या या भागाच्या, या एका रस्त्यावर सराया खेटून उभ्या राहिल्या. रस्त्यालगतची जागा मोलाची असल्याने दर्शनी भाग लहान ठेवून बांधकाम आत खोलवर नेलेले असे: आधी गाडी जाईल एवढी वाट, मग अंगण, आणि त्यामागे तबेले. अशा वाटेवरची कमान बुटकी असली, तर गाडीच्या टपावर बसलेल्या प्रवाशांना माना खाली घालाव्या लागत.

आजची इमारत 1677 सालची आहे. आदल्या वर्षीच्या आगीत सदर्कचा मोठा भाग जळाला, त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. त्यामुळे शेक्सपिअर याच सज्ज्याखाली नाटके पाहत असे, ही कथा मला कोणी ऐकवली की मी फक्त हसतो; तो 1616 सालीच वारला होता. सरायांच्या अंगणात नाटके होत, हे मात्र खरे. तिन्ही बाजूंना सज्जे आणि मध्ये मोकळी जागा असली की निम्मे नाट्यगृह तयारच असते.

पण सज्जे काही प्रेक्षकांसाठी काढलेले नव्हते. इमारतीच्या आत मार्गिका काढायची तर खोल्यांची जागा खर्ची पडते. तीच मार्गिका भिंतीबाहेर लाकडावर टांगली की प्रत्येक खोलीचे दार थेट तिच्यावर उघडते आणि इमारत एका खोलीइतक्या रुंदीत भागते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे हे सज्जे एकावर एक आले आहेत. कठड्याशी उभे राहिले की खालचे सगळे अंगण नजरेत येते, आणि कोणत्या गाडीला घोडे जुंपले जात आहेत हे प्रवाशाला दारातूनच कळत असणार. याची किंमतही आहे: वरच्या सज्ज्याची सावली खालच्या मजल्यावर पडते आणि खोल्या काळोख्या होतात. सज्जे संपतात तिथून पुढे साधी विटांची भिंत आणि खिडक्या आहेत. हा सांधा मला सगळ्यात आवडतो, कारण तो लपवायचा कोणी प्रयत्नच केलेला नाही.

1784 साली टपालगाड्या सुरू झाल्या आणि घोडागाड्यांचा प्रवास वेळापत्रकाला बांधला गेला. पुढे रेल्वे आली आणि काही दशकांतच ही सगळी व्यवस्था मोडली. शेजारची टॅबर्ड इन 1873 मध्ये पाडली गेली. जॉर्ज इन तर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्याच मालकीची झाली होती, आणि 1889 मध्ये त्या कंपनीने तिच्या दोन बाजू पाडून टाकल्या. उरली ती दक्षिणेची एक बाजू, आणि 1937 मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आली.

अंगणात आता बाके आणि मेजे मांडलेली असतात. सज्ज्याकडे पाठ करून बसले की समोर तिची जोडीदार बाजू असायला हवी होती, तिथे भलत्याच काळातल्या इमारती दिसतात. म्हणून मी नेहमी सज्ज्याकडे तोंड करून बसतो.